इंधनमापकाच्या खोक्यावर दोन आकडे छापलेच पाहिजेत

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुन्या मोटारी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस अलीकडे आपल्याकडे बरीच वाढली आहे. प्रीमियर पद्मिनी, अँबॅसडर, महिंद्रची जीप, पहिल्या पिढीतील मारुती ८०० अशा गाड्यांच्या इंजिनावर आणि पत्र्यावर मालक सढळ हाताने खर्च करतात आणि सर्वांत शेवटी डॅशबोर्डकडे वळतात. मूळचा मीटर कोठेच मिळत नाही, म्हणून बाजारातून किंवा ऑनलाइन विक्रेत्याकडून नवा, दिसायला देखणा इंधनमापक आणला जातो. त्याच्या खोक्यावर ‘१२ व्होल्ट’, ‘युनिव्हर्सल’ आणि बहुधा ‘५२ मिलिमीटर’ एवढाच मजकूर असतो. हा मीटर आपल्या टाकीतील युनिटशी, म्हणजे पेट्रोलची पातळी मीटरला कळवणाऱ्या भागाशी, जुळेल की नाही, हे ज्या दोन आकड्यांवरून ठरते, ते आकडे मात्र खोक्यावर नसतात, आतल्या चिठ्ठीवर नसतात आणि दुकानदाराला विचारले तर त्यालाही ठाऊक नसतात. मीटर बसवल्यावर काटा भलतेच काही दाखवू लागतो आणि दोष येतो तो बसवणाऱ्या वायरमनवर.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक व्यवसायाचा निदेशक म्हणून मी काम केले आहे आणि निवृत्तीनंतरही परिसरातील गॅरेजवाले अशा अडचणी घेऊन येत असतात. त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो. माझी मागणी छोटी आहे: टाकी रिकामी असताना युनिटचा विद्युत रोध किती ओहम (रोध मोजण्याचे एकक) आणि भरलेली असताना किती ओहम, हे दोन आकडे प्रत्येक इंधनमापकाच्या आणि प्रत्येक टाकी-युनिटच्या खोक्यावर छापलेले असावेत, आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावरही ते दिसावेत. ही मागणी का करावी लागते, हे समजण्यासाठी काटा हलतो कसा, हे आधी पाहावे लागेल.

टाकीत एक तरंगता फ्लोट असतो. तो एका दांडीच्या टोकाला बसवलेला असून दांडीचे दुसरे टोक रोधक तार गुंडाळलेल्या पट्टीवरून सरकते. पेट्रोलची पातळी बदलली की फ्लोट वर-खाली होतो, सरकता संपर्क पट्टीवरील जागा बदलतो आणि युनिटचा विद्युत रोध कमी-जास्त होतो. डॅशबोर्डमधील मीटर हा रोध जाणतो आणि त्यानुसार काटा फिरवतो. म्हणजे मीटरला लिटर कळत नाहीत. त्याला फक्त ओहम कळतात. किती ओहमला ‘रिकामी’ म्हणायचे आणि किती ओहमला ‘भरलेली’, हे मीटर बनवतानाच ठरलेले असते. युनिट बनवणाऱ्यानेही तेच दोन आकडे धरले असतील, तरच काट्यावर विश्वास ठेवता येतो.

अडचण अशी की जगभर याचे एकच प्रमाण कधीच ठरले नाही. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९६५ पूर्वी रिकाम्या टाकीला ० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३० ओहम असा संकेत होता. पुढे तो ० ते ९० झाला. त्याच देशातील फोर्ड आणि क्रायसलरच्या त्या काळच्या गाड्यांत नेमके उलटे होते: रिकामी टाकी सुमारे ७३ ओहम आणि भरलेली सुमारे १० ओहम. जर्मनीच्या व्हीडीओ कंपनीच्या प्रचलित युनिटमध्ये रिकामी १० आणि भरलेली १८० ओहम असते. आज बाजारात ‘युनिव्हर्सल’ म्हणून जे मीटर सर्वांत जास्त दिसतात, ते बहुधा २४० ते ३३ या जोडीचे असतात, म्हणजे रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम. अमेरिकेतील सुट्या मीटरच्या आणि बोटींच्या व्यवसायात ही जोडी रुळलेली आहे. तेव्हा आकडे तर वेगळे आहेतच, शिवाय काही जोड्यांत टाकी भरताना रोध वाढतो आणि काहींत तो कमी होतो. ‘युनिव्हर्सल’ हा शब्द इथे फार तर डॅशबोर्डमधील भोकाच्या व्यासापुरता खरा आहे.

आता आपल्या गाड्यांकडे येऊ. अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीवरून आली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी इटलीच्या फियाट ११०० वरून आली आणि जीप अमेरिकेच्या विलिसवरून. तीन देशांच्या तीन घराण्यांच्या गाड्या आपल्याकडे दशकानुदशके बनत राहिल्या. पुढे त्यांचे सुटे भाग वेगवेगळ्या देशी उत्पादकांनी बनवले आणि गॅरेजमध्ये जे हाती लागले ते बसवले गेले. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली आणि मुंबईतील तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. अँबॅसडरचे उत्पादनही २०१४ मध्ये बंद झाले. अशा गाडीच्या टाकीत आज जे युनिट आहे ते कारखान्यातून आलेले मूळचेच आहे, अशी खात्री कोणीही देऊ शकत नाही. म्हणून दुकानात जाऊन ‘पद्मिनीचा पेट्रोलचा मीटर द्या’ असे मागण्यात अर्थ नाही. गाडीच्या नावावरून ओहम कळत नाहीत. ते मोजावे लागतात.

न जुळणारी जोडी बसवली तर काय होते, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. टाकीत १० ते १८० ओहमचे युनिट आहे आणि वर २४० ते ३३ चा मीटर लावला आहे, असे समजा. टाकी काठोकाठ भरली की युनिट १८० ओहम दाखवते. मीटर त्याचा अर्थ पाव टाकीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असा घेतो. गाडी चालत जाते, पेट्रोल जळते, रोध उतरतो आणि काटा मात्र चढत जातो. टाकी कोरडी पडते तेव्हा काटा ‘भरलेली’ या खुणेच्याही पलीकडे गेलेला असतो. हा प्रकार हास्यास्पद असला तरी एका अर्थी निरुपद्रवी आहे, कारण पहिल्याच दिवशी तो मालकाच्या लक्षात येतो.

दुसरे उदाहरण अधिक घातक आहे. तेच १० ते १८० चे युनिट आणि वर ० ते ९० चा मीटर. इथे दिशा एकच आहे, त्यामुळे काटा योग्य बाजूलाच फिरतो आणि शंका येत नाही. पण टाकी अर्धी असते तेव्हा युनिटचा रोध ९० ओहमच्या जवळपास असतो, आणि मीटरच्या दृष्टीने ९० म्हणजे पूर्ण भरलेली टाकी. परिणामी टाकी निम्मी होईपर्यंत काटा वरच्या खुणेवर ठाण मांडून बसतो आणि मग भराभर खाली येतो. त्यावर पेट्रोल संपताना युनिटमध्ये १० ओहम शिल्लक असतात, ते मीटरला टाकीच्या नवव्या भागाएवढे इंधन भासतात. ‘गाडी पहिल्या निम्म्यात चांगले ॲव्हरेज देते आणि नंतर पेट्रोल पिते’ अशी तक्रार घेऊन येणारे ग्राहक मी पाहिले आहेत. कार्ब्युरेटर खोलून त्यात काही सापडत नाही, कारण दोष कार्ब्युरेटरमध्ये नसतोच. बोरघाट चढताना किंवा द्रुतगती मार्गावर, जिथे गाडी बाजूला घेणेही धोक्याचे असते, तिथे अशी टाकी रिकामी झाली तर काय होईल, हे सांगायला नको. डिझेलच्या जुन्या जीपमध्ये टाकी पूर्ण रिकामी झाली की पाइपांत हवा शिरते आणि नुसते डिझेल ओतून इंजिन सुरू होत नाही. हातपंप मारून हवा काढत बसावे लागते.

म्हणून मीटर विकत घेण्याआधी मोजमाप करावे. ते अवघड नाही, पण काळजीपूर्वक करायला हवे. बॅटरीची केबल काढावी, टाकीवरील युनिटची वायर सुटी करावी आणि मल्टिमीटरचे एक टोक युनिटच्या टर्मिनलला, दुसरे युनिटच्या बॉडीला लावून रोध पाहावा. स्वस्त मल्टिमीटरची २०० ओहमची मर्यादा निवडलेली असेल, तर २४० ओहमच्या युनिटवर तो नुसता ‘१’ दाखवतो आणि पाहणारा ‘युनिट जळाले’ म्हणून मोकळा होतो. अशा वेळी वरची, म्हणजे २००० ओहमची मर्यादा निवडून पुन्हा पाहावे. मल्टिमीटरची दोन टोके एकमेकांना टेकवल्यावर जो किरकोळ रोध दिसतो, तो वाचनातून वजा करावा. ० ते ३० च्या जुन्या युनिटमध्ये अर्धा ओहमही जाणवतो.

युनिट बाहेर काढून दांडी हाताने खालून वर फिरवली की दोन टोकांचे आकडे मिळतात आणि मधे कोठे संपर्क तुटतो का, तेही कळते. तथापि टाकीत बसवल्यावर दांडी तेवढी फिरतेच असे नाही. तिचे खालचे टोक तळाला टेकते, वरचे टाकीच्या छताला अडते आणि पट्टीचे दोन्ही टोकांचे थोडे वेटोळे वापरातच येत नाहीत. म्हणून खरे मोजमाप टाकीतच घ्यावे. टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर इंधन ओतत जावे आणि प्रत्येक वेळी ओहमची नोंद करावी. हा तक्ता एकदा हाती आला की मीटर निवडणे सोपे जाते, शिवाय टाकीचा आकारही कळतो. कित्येक टाक्या वर रुंद आणि खाली निमुळत्या असतात. उंचीने निम्मी असलेली टाकी लिटरने निम्मी नसते. मूळ युनिट बनवणारे तारेची गुंडाळी कमी-जास्त करून हा फरक सांभाळून घेत असत. बाजारातील सर्वसाधारण युनिटमध्ये ती सोय नसते.

या कामात पेट्रोलच्या वाफेची भीती बाळगलीच पाहिजे. ही वाफ हवेपेक्षा जड असते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते. टाकीचे काम मोकळ्या जागेत करावे, जवळ उघडा बल्ब, ग्राइंडर किंवा पेटती विडी नसावी आणि युनिट परत बसवताना गॅस्केट नवे घालावे. काही वायरमन युनिट तपासण्यासाठी त्यावर थेट बॅटरीची वायर टेकवतात, तो प्रकार तर पूर्णपणे बंद व्हायला हवा. दहा ओहमच्या युनिटवर १२ व्होल्ट दिले की सव्वा ॲम्पिअरच्या आसपास विद्युतधारा वाहते आणि सुमारे चौदा वॅट उष्णता त्या बारीक तारेत निर्माण होते. तार जळते, आणि ती जळते पेट्रोलच्या वाफेत. मल्टिमीटर रोध मोजताना अत्यंत कमी धारा सोडतो, म्हणून तो वापरायचा.

मीटरची परीक्षा गाडीत बसवण्यापूर्वी टेबलावरही घेता येते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे ३३, १००, १८०, २४० अशा किमतींचे रोधक युनिटच्या जागी एकेक करून जोडले आणि काटा कोठे थांबतो ते पाहिले, की मीटर कोणत्या जोडीचा आहे हे पाच मिनिटांत समजते. २४० ते ३३ चा मीटर शंभराच्या थोडे वर अर्धी टाकी दाखवतो. दुकानदाराने मनात आणले तर तोही ही परीक्षा घेऊन खोक्यावर पेनने आकडे लिहू शकेल. पण मनात आणायला हवे.

अर्थिंगचा मुद्दा इथेच सांगतो, कारण जुन्या गाड्यांतील निम्म्याहून अधिक तक्रारी, माझ्या समजुतीप्रमाणे, तिथेच संपतात. युनिटचा परतीचा मार्ग टाकीच्या पत्र्यातून आणि टाकीच्या पट्ट्यांतून चॅसिसकडे जातो. टाकी नव्याने रंगवली, पट्ट्यांखाली रबर घातले किंवा स्क्रू गंजले की या मार्गात रोध उभा राहतो आणि मीटर तो युनिटच्या रोधात मिळवून वाचतो. समजा हा जादा रोध १५ ओहम आहे. ० ते ९० च्या जोडीत रिकामी टाकीसुद्धा एक षष्ठांश भरलेली दिसेल. २४० ते ३३ च्या जोडीत मात्र भरलेली टाकी किंचित कमी भरलेली दिसेल, एवढेच. पहिली चूक गाडी रस्त्यात थांबवते आणि दुसरी चूक फार तर पेट्रोल पंपावर थोडे लवकर नेते. वायर पूर्ण तुटली तरी हाच भेद राहतो: २४० ते ३३ चा मीटर काटा रिकाम्याकडे नेतो, तर ० ते ९० चा मीटर तो भरलेल्याच्या पलीकडे नेतो. वायर घासून बॉडीला चिकटली तर हे सर्व उलटे होते, हे खरे. परंतु चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत तुटलेल्या वायरी आणि गंजलेले अर्थिंग जितके आढळतात, तितक्या चिकटलेल्या वायरी आढळत नाहीत. त्यामुळे मीटर आणि युनिट दोन्ही नवीनच घ्यायचे असतील, तर माझा सल्ला २४० ते ३३ या जोडीचा राहील. आणि कोणतीही जोडी घेतली तरी युनिटच्या स्क्रूपासून चॅसिसपर्यंत एक स्वतंत्र अर्थ वायर टाकावीच. तिला खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

आता रोधक जोडून जुळवाजुळव करण्याविषयी. शाळेच्या विज्ञानात एकसर आणि समांतर जोडणी सर्वांनी शिकलेली असते आणि अनेक हुशार तरुण वायरमन त्या आधारे मीटरमागे एखादा रोधक जोडून काटा जागेवर आणू पाहतात. त्यांच्या प्रयत्नाचे मला कौतुक आहे, पण या उपायाच्या मर्यादा गणितातच आहेत. एकसर जोडलेला रोधक दोन्ही टोकांचे आकडे सारखेच वाढवतो. समांतर जोडलेला रोधक दोन्ही कमी करतो, पण मोठ्या आकड्याला जास्त आणि छोट्याला कमी. म्हणजे रोधाची व्याप्ती आकसवता येते. ती वाढवता येत नाही, आणि चढता क्रम उतरता तर मुळीच करता येत नाही. १० ते १८० चे युनिट २४० ते ३३ च्या मीटरला कोणत्याही रोधकाने जुळणार नाही.

मघाचे १० ते १८० आणि ० ते ९० चे उदाहरण पुन्हा घेऊ. युनिटला समांतर १८० ओहमचा रोधक जोडला की भरलेल्या टाकीचे १८० ओहम बरोबर ९० होतात. काटा वरच्या खुणेवर अचूक येतो आणि मालक खूश होतो. रिकाम्या टाकीचे १० ओहम मात्र साडेनऊच्या खाली जात नाहीत, त्यामुळे टाकी कोरडी असतानाही काटा दहाव्या भागावर अडून राहतो. मधल्या भागात आणखी फरक पडतो. युनिटचा रोध पातळीच्या प्रमाणात बदलतो असे धरले तर अर्ध्या टाकीला तो ९५ ओहम असतो. १८० च्या समांतर जोडणीत तो ६२ होतो, आणि मीटर हे दोन तृतीयांशाहून अधिक इंधन म्हणून दाखवतो. म्हणजे दोन टोके जवळपास जुळवली तरी मधला सगळा प्रवास फुगवून दाखवला जातो, तोही धोक्याच्या बाजूने. २४० ते ३३ चे युनिट ७३ ते १० च्या मीटरला जुळवायला गेले तर एवढेही साधत नाही: समांतर १०५ ओहम जोडून रिकाम्याचे टोक ७३ वर आणता येते, पण भरलेल्याचे टोक २५ वरच थांबते आणि काटा वरच्या खुणेपर्यंत कधी पोहोचत नाही. हा दोष निदान सुरक्षित बाजूचा आहे. तात्पुरती सोय म्हणून असा रोधक चालेल, पण तो दोन वॅटचा घ्यावा, डॅशबोर्डमागे बसवावा आणि टाकीजवळ कदापि नको. डॅशबोर्डवर लिटरच्या नव्या खुणांचा कागद चिकटवला तरच त्याचा खरा उपयोग.

काही गॅरेजमध्ये फ्लोटची दांडी वाकवून काटा ‘जुळवला’ जातो. दांडी वाकवल्याने सर्व वाचने एका बाजूला सरकतात. पट्टीचे आकडे आहेत तेच राहतात. युनिट नवे असेल आणि दांडीची लांबी टाकीच्या खोलीप्रमाणे बसवायची असेल तर वाकवणे योग्यच आहे. न जुळणारा मीटर जुळवण्यासाठी मात्र ते निरर्थक आहे.

खरे उपाय दोनच. एक, मीटर आणि युनिट एकाच उत्पादकाची, एकाच जोडीची घ्यावीत आणि युनिटच्या चकतीची भोके आपल्या टाकीशी जुळत नसतील तर टर्नरकडून जोडपट्टी करून घ्यावी. दोन, युनिट आणि मीटर यांच्या मध्ये बसणारे इलेक्ट्रॉनिक जुळणी-यंत्र घ्यावे. ते युनिटचे आकडे वाचते आणि मीटरला हवे ते आकडे पुढे देते. टाकीचे मधले टप्पे त्याला शिकवता येतात आणि दिशा उलटीही करता येते. ज्याला डॅशबोर्डवर जुना, मूळचाच मीटर ठेवायचा आहे पण टाकीत नवे युनिट घालण्यावाचून गत्यंतर नाही, त्याच्यासाठी हा दुसरा मार्ग उत्तम होय. डॅशबोर्डचे मूळ रूप टिकवणाऱ्यांच्या बाजूने माझे मत आहे, हे ओघाने सांगून टाकतो.

मीटरच्या जातीविषयीही दोन शब्द. ब्रिटिश वळणाच्या अनेक जुन्या गाड्यांत द्विधातू पट्टीचा मीटर असतो. त्यातील पट्टी तापून वाकते आणि काटा सावकाश चढतो, म्हणून वळणावर पेट्रोल हिंदकळले तरी तो डुलत नाही. हा मीटर व्होल्टेजला संवेदनशील असल्याने त्याच्यामागे व्होल्टेज स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर असतो आणि तो सरासरी १० व्होल्ट देतो; तापमानाचा मीटरही बहुधा त्याच्यावरच चालतो. इंधनाचा मीटर बदलून नवा, तारेच्या गुंडाळ्यांतील चुंबकत्वावर चालणारा मीटर बसवला तर त्याला स्टॅबिलायझरची वायर देऊ नये, इग्निशनमधून थेट १२ व्होल्ट द्यावेत, आणि तापमानाच्या मीटरचा स्टॅबिलायझर मात्र काढू नये. फार जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते आणि सुरुवातीच्या जीपमध्ये ६ व्होल्टची बॅटरी असते. अशा गाड्यांत आजचा मीटर सरळ जोडणे म्हणजे तो जाळणे.

फ्लोटची काळजी आता पूर्वीपेक्षा अधिक घ्यावी लागेल. जुन्या युनिटचे फ्लोट कधी चपडी लावलेल्या बुचाचे, तर कधी पोकळ पितळेचे असत. चपडी अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल, म्हणजे अल्कोहोलच, मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आहे. बूच इंधन पिऊन जड झाले किंवा पितळेला बारीक छिद्र पडून आत पेट्रोल शिरले, की फ्लोट बुडतो. मग उत्तम जुळलेला मीटरही रिकामी टाकीच दाखवणार. युनिट बाहेर काढलेच आहे तर फ्लोट कानाशी धरून हलवून पाहावा. आत द्रव हिंदकळत असेल तर तो बदलावा.

हा प्रश्न केवळ हौशी मोटारवाल्यांचा आहे, असे कोणी समजू नये. गृहनिर्माण संस्थांच्या जनरेटरच्या डिझेल टाकीत, ट्रॅक्टरमध्ये आणि कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक नौकांमध्ये याच तत्त्वावर चालणारी युनिटे असतात. दुरुस्तीच्या वेळी मिळेल ते युनिट बसवले जाते आणि लिफ्टमध्ये माणसे असताना जनरेटर का बंद पडला याचा शोध नंतर सुरू होतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि मानक यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला देतो, आणि २०२० मधील ई-कॉमर्स नियमांनुसार खरेदीचा निर्णय विचारपूर्वक घेता यावा इतका तपशील विक्रेत्याने दिला पाहिजे. इंधनमापकाच्या बाबतीत ओहमचे दोन आकडे हाच तो तपशील आहे. काट्याचा रंग, काचेची चमक आणि मागच्या दिव्याचा निळा-पांढरा प्रकाश हा नव्हे. माझ्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने न जुळणारा मीटर परत करायला नेला, तेव्हा ‘बसवलेला इलेक्ट्रिकल माल परत घेतला जात नाही’ हे ठरलेले उत्तर त्याला मिळाले. मीटर बसवल्याशिवाय तो जुळत नाही हे कळू द्यायचे नाही, आणि बसवल्यावर परत घ्यायचा नाही, हा व्यवहार न्याय्य म्हणता येणार नाही. ज्या खोक्यावर आकडे छापलेले नाहीत, त्यातील मीटर बसवून पाहिल्यानंतरही परत घेण्याचे बंधन विक्रेत्यावर असावे.

उत्पादकांनी आणि आयातदारांनी खोक्यावर चार गोष्टी छापाव्यात: रिकाम्या टाकीचे ओहम, भरलेल्या टाकीचे ओहम, मीटर किती व्होल्टचा आहे ते, आणि बॅटरीचे कोणते टोक बॉडीला हवे ते. ऑनलाइन विक्रेत्यांनी हीच माहिती विक्रीच्या पानावर आणि शोधाच्या चाळणीतही द्यावी, म्हणजे ग्राहकाला मोजलेले आकडे टाकून मीटर शोधता येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे, की टाकी-युनिटचा ओहम-लिटर तक्ता तयार करणे हे प्रात्यक्षिक विद्यार्थ्यांकडून एकदा तरी करून घ्यावे. त्याला एक भंगारातली टाकी आणि एक मल्टिमीटर पुरतो. वाहनांच्या पुरवणीत नव्या गाड्यांची परीक्षणे आपण नियमित छापता. जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी वेगवेगळ्या जोड्यांच्या आकड्यांची एक छोटी चौकटही त्यात छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त निदेशक, कोल्हापूर